तोंडात बाजूबंद

काटेरी हलवा घरी करायचा तर तीन गोष्टी लागतात: मंद आच, कोरडा हात आणि दोन तास कुणीही हाक न मारणारं घर. दीड वर्षाचं मूल असलेल्या घरात यातली फक्त पहिली मिळते, तीही गॅसच्या बटणांवर झाकणं बसवलेली असली तर. तरीही डिसेंबर सरत आला की नेमक्या अशाच घरांमधून साखर, तीळ, पितळी परात, पांढरा दोरा आणि सोनेरी पुठ्ठा यांची जमवाजमव सुरू होते. कारण उघड आहे. हलव्याचे दागिने लागतात बोरन्हाणाला, बोरन्हाण असतं मुलाचं, आणि ते होईपर्यंत मुलाला दुसरीकडे कुठे ठेवायची सोय नसते.

विकत मिळत नाही असं मुळीच नाही. संक्रांत जवळ आली की पुण्याच्या तुळशीबागेत आणि दादरच्या बाजारात या दागिन्यांच्या खोक्यांची चळत लागते. मुलगा असेल तर मुकुट, हार, बाजूबंद, बासरी. मुलगी असेल तर बिंदी, कानातले, बांगड्या, कंबरपट्टा. नव्या सुनेसाठी मंगळसूत्रापासून नथीपर्यंत सगळं, आणि जावयासाठी हलव्याचं मनगटी घड्याळ. हे घड्याळ कधीच पुढे जात नाही, त्यामुळे त्याच्या वक्तशीरपणाला शोभतं असं त्याच्या सासरी म्हणतात. असले संच कुरिअरने परदेशीही जातात. पैसे द्यायचे, पिशवी उचलायची, घरी यायचं. पण हौस अशी भागत नाही. ‘विकतचंच आणायचं असतं तर मग काय!’ या अर्ध्या वाक्यापुढे आजवर कुणाचा युक्तिवाद टिकलेला नाही.

कोथरूडमधलं एक घर घेऊ. तिसरा मजला, दोन बेडरूम, एक आई, एक बाबा, गावाहून ‘चार दिवस’ म्हणून आलेली आजी, आणि दीड वर्षाच्या बाईसाहेब. आई लॅपटॉपवर नोकरी करते आणि उरलेल्या वेळात, म्हणजे जो उरतच नाही त्या वेळात, काहीतरी करून बघते. ही सवय जुनी आहे. 2020 च्या टाळेबंदीत जी पिढी घरी सावरडो पाव भाजायला शिकली, तिच्यातलीच ती. तेव्हा ओट्यावर त्या पावाच्या आंबवणाची एक बरणी असायची. तिला रोज ठरल्या वेळी पीठ आणि पाणी द्यायचं, खोली गार पडली तर टॉवेल गुंडाळायचा, बुडबुडे आले की फोटो काढून नातेवाइकांना पाठवायचे, आणि गावाला जाताना ‘हिच्याकडे कोण बघेल’ ही काळजी करायची. बरणीला लाडाचं नावसुद्धा होतं. पुढे खरंखुरं मूल झालं आणि बरणी फ्रिजच्या मागच्या कप्प्यात गेली. अनुभव मात्र वाया गेला नाही, असं बाबांचं मत आहे. बरणीला रात्री दोनला भूक लागायची नाही, एवढाच काय तो फरक.

तर या घरात यंदा दोन संकल्प एकदम सुटले. पहिला, बोरन्हाणाचं काळं झबलं क्रोशाने विणायचं. दुसरा, हलवा घरी करायचा आणि त्याचे दागिनेही घरीच ओवायचे.

झबल्याचं आधी उरकून घेऊ, कारण ते दिवाळीत सुरू झालं होतं. काळ्या लोकरीवर काम करणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. पांढऱ्या किंवा पिवळ्या धाग्यात टाका दिसतो. काळ्यात तो चाचपावा लागतो. दिवसा, खिडकीजवळच्या उजेडात, हे जमण्यासारखं आहे. पण आईला वेळ मिळतो तो बाईसाहेब झोपल्यावर, आणि बाईसाहेब झोपतात त्या खोलीत दिवा लावायची परवानगी नाही. मोबाइलची बॅटरी तोंडात धरून मुके खांब, म्हणजे क्रोशाचे टाके, मोजणारी आई ही दरोडेखोर नाही, याची खात्री पाणी प्यायला उठलेल्या आजीला पटायला थोडा वेळ लागला.

मोजणं हाच क्रोशाचा प्राण. एका ओळीत शहात्तर खांब असतील तर ते शहात्तरच हवेत. पंच्याहत्तर झाले की झबलं एका अंगाला झुकतं. आणि लहान मुलाला कुठून कोण जाणे, पण चाळीसच्या पुढचा आकडा कळतो. तिथवर ते शांत असतं. ‘एकेचाळीस, बेचाळीस...’ म्हटलं की ‘मम!’ अशी हाक येते. अमेरिकेतल्या विणकामाच्या थोर गुरू एलिझाबेथ झिमरमन यांचं 1971 सालचं पुस्तक ‘निटिंग विदाउट टिअर्स’ या नावाने प्रसिद्ध आहे. म्हणजे ‘न रडता विणकाम’. झिमरमनबाई नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसूनही विणत असत म्हणे. त्यांना तीन मुलं होती हे लक्षात घेतलं तर मोटारसायकल ही त्यातल्या त्यात निवांत जागा असावी.

शिवाय मापाचा घोळ. दीड वर्षाच्या आसपासचं मूल महिन्याला साधारण एक सेंटिमीटर उंच होतं. विणणारा हात रात्री अर्धा तास चालतो. शर्यत कोण जिंकणार हे सांगायला गणित नको. दिवाळीत पोटरीपर्यंत येणार होतं ते झबलं नाताळात गुडघ्यावर आलं, आणि आजीने शांतपणे म्हटलं, ‘अगं, राहू दे. खाली काळी चड्डी घालू.’

हलव्याकडे वळू. इथे जरा बैठक मारायला हवी.

हलव्याला लागतं काय? तीळ, खसखस, साबुदाणा, मगजबी, डाळं, लवंग, शेंगदाणा यांतलं काहीही, आणि साखर. बस. यादी इतकी छोटी आहे म्हणूनच माणूस फसतो. साखर भिजेल इतकं पाणी घालून पाक करायचा, उकळी आली की चमचाभर दूध सोडायचं, मळी वर येते ती काढून टाकायची, पाक गाळायचा. एकतारीच्याही अलीकडे थांबायचं. मग परातीत मूठभर तीळ, खाली अगदी मंद आच, आणि चहाच्या चमच्याने थोडासाच पाक. लगेच हाताने दाणे परातीवरून फिरवत राहायचे, ते सुटे आणि कोरडे होईपर्यंत. कोरडे झाले की पुढचा चमचा. असं एकदा-दहादा नव्हे. दोन-तीन दिवस, थोडं थोडं. मध्ये मध्ये साखरेचा भुगा चाळून काढायचा. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना मिठ्या मारतात. आच वाढली तर आलेला काटा विरघळतो. हात ओला असला तर सगळंच संपलं. आणि हे सगळं जमलं तर एका पहाटे तिळावर बारीक पांढरे काटे दिसायला लागतात. ते दिसले की माणूस शेजाऱ्यांना उठवून दाखवतो.

काटा का येतो? पाकात मावेल त्याहून जास्त साखर दामटून बसवलेली असते. पाणी उडालं की साखर दाण्यावर स्फटिक होऊन बसते. एकदा कुठे बारीकसा उंचवटा झाला की परातीवर आधी तोच टेकतो, पुढच्या चमच्यातला पाक आधी त्यालाच लागतो, आणि तो आणखी उंच होतो. ज्याच्याकडे आहे त्यालाच मिळत जातं. अर्थशास्त्राची पुस्तकं जिथे चारशे पानं घेतात तिथे परात चार चमच्यांत आटोपते. म्हणूनच हलवा थंडीत करायचा. हवा कोरडी असली की पाणी झटकन उडतं. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा 10-12 अंशांवर येतो तेव्हा काटा टोकदार फुलतो. मुंबईच्या दमट हवेत तोच हलवा घामेजतो आणि मुंग्यांना आमंत्रण जातं.

हा उद्योग आपणच करतो असं नाही. युरोपात बडीशेप, धणे, शहाजिरे यांच्यावर अशीच साखरेची पुटं चढवत. ह्यू प्लॅट नावाच्या इंग्रज गृहस्थाने सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर लिहिलेल्या ‘डिलाइट्स फॉर लेडीज’मध्ये याची रीतसर कृती आहे: पितळी भांडं दोऱ्यांनी टांगायचं, खाली निखारे, आणि दाणे हाताने ढवळायचे. टांगलेलं भांडं ही कल्पना कोथरूडच्या घरात फार आवडली होती, कारण तिथवर बाईसाहेबांचा हात पोचला नसता. निखारे कुठे ठेवायचे यावर ती अडली. पोर्तुगीजांनी हीच गोड गोळी जपानात नेली. 1569 साली लुईस फ्रोइश या धर्मगुरूने ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या भांड्यात भरून ती नजर केली. जपानी लोक तिला कोन्पेइतो म्हणतात. क्योटोत 1847 पासून चालत आलेलं तिचं एक दुकान आहे, आणि तिथे एक घाणा तयार व्हायला दोन आठवड्यांहून जास्त दिवस लागतात. तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञाने तिच्या शिंगांवर लेख लिहिला. आपल्याकडे हलव्याचा काटा अजून कुठल्या भौतिकशास्त्रज्ञाच्या ताब्यात गेलेला दिसत नाही. ते खातं अजून आज्यांकडेच आहे.

आणि आजीने पहिल्याच दिवशी इशारा दिला होता. ‘हे बघ, यात डोकं चालवायचं नाही. हात चालवायचा.’

आईने डोकं चालवलं.

पाकात लिंबू पिळलं. गुलाबजामच्या पाकात पिळतात, साखर परत आळू नये म्हणून. लिंबाच्या आंबटाने साखरेचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि मग ती सहजी स्फटिक होत नाही. गुलाबजामला हे वरदान. हलव्याला हवं असतं नेमकं उलट. अर्धा तास परात चोळूनही तीळ ओलेच राहिले. तिळाची चटणी आणि तिळाच्या लाडूचं सारण यांच्या मधला एक नवा पदार्थ तयार झाला, आणि तो बाबांनी ऑफिसात नेला.

दुसऱ्या वेळी साखर नको, गूळ घ्यावा असं ठरलं. त्यामागे कारण होतं. दोन वर्षांखालच्या बाळाला वरून घातलेली साखर देऊ नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. घरात बाईसाहेबांच्या लापशीत खजूर जातो, साखर जात नाही. आणि आता त्यांना डोक्यापासून कमरेपर्यंत साखरेने मढवायचं होतं. हा अंतर्विरोध आईला बोचत होता. पण गुळातही साखरच असते, शिवाय त्यात आधीच फुटलेली साखर बऱ्यापैकी असते आणि तो हवेतलं पाणी ओढून घेतो. काटा राहिला बाजूला, परातच हाताला चिकटून वर आली. ‘गुळाला काय कळतं बोरन्हाण!’ असं म्हणून आजीने ती भिजत घातली.

मग बाबांचा हातभार. आच एकसारखी हवी ना, मग इंडक्शन शेगडी घ्या, आकडा दाबा, विषय संपला. साध्या इंडक्शन शेगडीवर कमी आकडा दाबला की ती आच मंद करत नाही. थोडा वेळ पूर्ण जोरात चालते, थोडा वेळ बंद होते. सरासरी काढली तर मंदच. हलवा मात्र सरासरी खात नाही. जोराच्या फेरीत काटा वितळला, बंद फेरीत पाक थबथबला. वर पितळी परात इंडक्शनला ओळखच देईना, म्हणून स्टीलची घेतली होती, तिची कड बाईसाहेबांच्या हाताला नीट येत होती हे नंतर लक्षात आलं.

आजीचा उष्णतामापक वेगळा आहे. परातीला हात लावायचा. चटका सोसवतो पण विसरता येत नाही, ती आच बरोबर. हे प्रमाण एकाही पाककृतीच्या पुस्तकात छापलेलं नाही, आणि कमलाबाई ओगल्यांच्या 1970 च्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचं माप घरोघर पोचवलं तरी चटक्याचं माप शेवटी तळहातावरच राहिलं.

या सगळ्यात बाईसाहेब काय करत होत्या? त्या संशोधन करत होत्या. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांच्या बारीकसारीक हालचाली वर्षानुवर्षं टिपून ठेवल्या. त्यांचा मुलगा लॉराँ दहा-अकरा महिन्यांचा असताना वस्तू खाली टाकायचा. एकाच तऱ्हेने नव्हे, हात कधी इकडे, कधी तिकडे, कधी उंच, आणि पडलेली वस्तू कुठे गेली ते न्याहाळायचा. पियाजेंना त्यात प्रयोगशील बुद्धीची पहिली पावलं दिसली. त्यांनी ते टिपून ठेवलं. पडलेलं कोणी उचललं ते टिपलेलं नाही. कोथरूडच्या घरात ओट्याशेजारच्या उंच खुर्चीतून तीळ, डाळं, लोकरीचा गुंडा, मोजायचा चमचा आणि बाबांचा चष्मा यांच्यावर हाच प्रयोग झाला. निष्कर्ष असा की तीळ सर्वांत लांब जातात.

नवव्या-दहाव्या महिन्यात मूल अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत बारीक वस्तू धरायला शिकतं. डॉक्टर तपासणीत मुद्दाम हे बघतात आणि आईबाप कौतुकाने टाळ्या वाजवतात. पुढे सगळं आयुष्य ती चिमूट मुलाच्या कामी येते, पण पहिले काही महिने ती मुख्यतः फरशीवरचं काहीतरी तोंडात घालायच्या कामी येते. दीड वर्षापर्यंत बाईसाहेबांचा हात इतका बसला होता की परातीतला एकच तीळ, तोही काटा आलेला, त्या बरोबर निवडून उचलत. काटा न आलेल्याकडे बघतही नसत. आजीने हे पाहिलं आणि नातीचा पारखीपणा आपल्या माहेरचा आहे असं जाहीर केलं.

‘अहो आई, तुम्ही कसं जमवायचात हो? तेव्हा तर हेही लहान होते,’ असं एकदा आईने विचारलं. हात पाकाने चिकट, केसांना साखरेचा भुगा, कानाला मीटिंगचा इअरफोन आणि कडेवर बाईसाहेब, अशा अवस्थेत.

‘मी कुठे जमवायचे?’ आजी म्हणाली. ‘मी परातीपाशी बसायचे. तुझ्या नवऱ्याला आत्याबाई घ्यायच्या. आत्याबाई कंटाळल्या की काकू. काकू कंटाळल्या की वाड्यात कुणीतरी असायचंच. मला संध्याकाळी आणून द्यायचे, दूध पाजायला.’

यावर बोलण्याजोगं काही उरलं नाही. जुन्या पाककृतींत साहित्याच्या यादीत ‘आत्याबाई 1, काकू 2, वाडा 1’ असं लिहायची पद्धत नव्हती, त्यामुळे नव्या वाचकाची फसगत होते. हलव्याला तीन दिवस लागतात हे सगळे सांगतात. ते तीन दिवस कुणाचे, हे कुणी सांगत नाही. घरात बाबा होते, आणि त्यांनी बाईसाहेबांना बागेत न्यायचं कबूल केलं होतं. त्याप्रमाणे ते न्यायचे. दहाव्या मिनिटाला दार वाजायचं. ‘तिला तू हवीयेस,’ असं ते म्हणायचे, आणि ‘मला हरवता आलं नाही’ या चेहऱ्याने आत यायचे.

शेवटी हलवा झाला तो आजीच्या पद्धतीने, पहाटे, साखरेचा, गॅसवर. सगळी आळी झोपलेली, खिडकी किलकिली उघडी, आणि सून-सासू आळीपाळीने परातीशी. मोती नाही म्हणता येणार, पण काटा होता. खसखशीचा बारीक हलवा बांगड्यांसाठी, तिळाचा हारासाठी, साबुदाण्याचे टपोरे दाणे पदकासाठी. बीटचा रस घालून थोडा गुलाबीही करायचा होता. त्याला आजीने नुसतं बघितलं आणि तो विषय मिटला.

आता दागिने. हलव्याला भोक नसतं, त्यामुळे सुई आरपार जात नाही, गेली तर दाणा फुटतो. दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरायचा, गाठ आवळायची, पुढचा दाणा. गाठ सैल राहिली तर दाणा निसटतो, जास्त आवळली तर काटे मोडतात. ज्यांना हे जमत नाही ते पुठ्ठ्यावर सोनेरी कागद लावून हलवा डिंकाने चिकटवतात, आणि हल्लीचे बहुतेक मुकुट तसेच असतात. दिसायला सुरेख. पण दीड वर्षाच्या मुलाला खाण्याचा दागिना आणि न खाण्याचा दागिना असा भेद शिकवायचा कसा? गेली दीड वर्षं त्याला जे जे हातात मिळालं ते ते तोंडात घालूनच कळलंय. म्हणून आईने डिंक टाळला. रात्री, बंद दाराआड, एकेक गाठ. क्रोशाने बोटांना दोरा धरायची सवय लावलेली होती, ती इथे उपयोगी पडली, ही त्या झबल्याची एकमेव ठोस कमाई.

बाजूबंद सकाळी टेबलावर ठेवला होता. दहा मिनिटांनी टेबलावर दोरा होता.

ओरडण्यात अर्थ नव्हता, कारण आधी भीती वाटली. हसण्यावारी नेण्यासारखं नाही असं एक यात आहे, आणि ते सांगायलाच हवं. चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळ्या, अख्खे दाणे, बिया असलं काही देऊ नका, घशात अडकतं, असं अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सपासून आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांपर्यंत सगळे बजावतात. आता बोरन्हाणाची यादी काढा: आठळीवाली बोरं, शेंगा, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, रेवड्या, हलवा, वरून हल्लीच्या गोळ्या. डॉक्टरांच्या निषिद्ध यादीची इतकी तंतोतंत प्रत दुसऱ्या कुठल्या समारंभात सापडणार नाही. बाईसाहेबांच्या बाजूबंदात सुदैवाने खसखशीचा दाणा होता, तिळाएवढाही नव्हता. त्यांनी तो चोखून खाल्ला, उरलेला दोरा आईला परत केला आणि ‘अजून’ म्हणाल्या. हा त्यांचा त्या आठवड्यातला नवा शब्द होता, त्यामुळे घरात दोन भावना एकाच वेळी उमटल्या.

मग नियम बसले. दागिने फोटोपुरते, डोळ्यांसमोर, दहा मिनिटं. साबुदाण्याचं पदक रद्द. ते आजीने गळ्यात घातलं. न्हाणासाठी चुरमुरे भरपूर, बोरं मोजकी आणि ती थोरल्या मुलांच्या बाजूला. फुगे लावायचे नाहीत असंही ठरलं, कारण फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा ही सर्वांत वाईट वस्तू. बाबांनी आदल्या रात्री फुगवून ठेवलेले फुगे गच्चीवर नेऊन सोडले आणि सोसायटीच्या वॉचमनने ते मोठ्या अदबीने परत आणून दिले.

संक्रांतीनंतरच्या रविवारी बोरन्हाण झालं. इमारतीतली पोरं पाटाभोवती गोल करून धावण्याच्या तयारीत, आयांचे मोबाइल सज्ज. काळं झबलं, खाली काळी चड्डी, हातात बांगड्या, कमरेला पट्टा. डोक्यावर मुकुट ठेवल्या क्षणी बाईसाहेबांनी तो काढला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. तिसऱ्यांदा त्यांनी तो शेजारच्या काकूंच्या कुत्र्याच्या डोक्यावर ठेवला, आणि कुत्र्याने मात्र तो ठेवून घेतला. चुरमुऱ्यांचं माप डोक्यावर ओतलं तेव्हा पोरं तुटून पडली, बाईसाहेब भोकाड पसरून रडल्या, आणि मग आपल्याच मांडीवर साचलेले चुरमुरे एकेक चिमटीने खाऊ लागल्या. पंधरा मिनिटांत आटोपलं. तीन दिवसांच्या हलव्याचे, दोन महिन्यांच्या झबल्याचे आणि आठवड्याच्या गाठींचे मिळून जे चांगले फोटो आले, त्यांत मुकुट आहे तिथे कुत्रा आहे.

रथसप्तमी झाली आणि उरलेले दागिने डब्यात गेले. मुंग्यांसाठी वर लवंगा टाकल्या. मुंग्यांनी त्या बाजूला केल्या. चाळून काढलेला साखरेचा भुगा जवळजवळ अर्धा किलो होता. टाकवेना, म्हणून त्याचा चहा होऊ लागला, आणि प्रत्येक कपाच्या तळाशी चार-दोन तीळ सापडायला लागले. पाहुण्यांना त्याचं काहीतरी आयुर्वेदिक कारण सांगण्यात आलं. आजीचे चार दिवस या सुमाराला सातव्या आठवड्यात होते.

एका दुपारी बाईसाहेब झोपलेल्या असताना आई लॅपटॉपवर काहीतरी बघत होती. आजीने चष्मा लावून वाकून पाहिलं. पडद्यावर लाकडी साचा होता, साच्यात दोरा पसरलेला, आणि त्यावर कुणीतरी उकळता पाक ओतत होतं. साखरेच्या गाठी. होळीला आणि पाडव्याला मुलांच्या गळ्यात घालतात त्या.

‘अहो आई, लाकडी साचा नसला तर चॉकलेटच्या सिलिकॉनच्या साच्यात होतील ना?’

‘होतील की,’ आजी म्हणाली. ‘पण पाक गोळीबंद लागतो हं याला. आणि या खेपेस आत्याबाई कोण?’

आतल्या खोलीत बाबांनी हळूच चपला घातल्या.